वीतरागाचे सौंदर्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यान)



जैन परंपरेचा पाया वैराग्य हा आहे. इंद्रियांच्या विषयांत गुंतलेले मन कर्मबंध वाढविते, हे पाठशाळेतील लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही याच परंपरेने श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडविली, वेरूळची लेणी कोरली, अबू पर्वतावर देलवाड्याची मंदिरे उभारली आणि कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या जपल्या. इंद्रियांविषयी सावध करणाऱ्या धर्माने डोळ्यांसमोर एवढे वैभव का मांडले, हा प्रश्न विचारी मनाला पडल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचे उत्तर सौंदर्यानुभवाच्या स्वरूपात आहे. टोपलीतील पिकलेला आंबा पाहून तोंडाला पाणी सुटते. तो हवासा वाटतो. त्याच आंब्याचे उत्तम चित्र पाहताना मात्र खाण्याची इच्छा मागे पडते. पिवळ्या रंगात मिसळलेली केशरी छटा, सालीवरचा प्रकाश आणि देठाजवळची सावली यांत दृष्टी रमते. वस्तू तीच, पण तिच्याशी जडलेले नाते बदलते. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेच सौंदर्याचे लक्षण मानले. सौंदर्याचा आनंद हा स्वार्थनिरपेक्ष असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. मराठीत रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात कांटच्या या विचाराची सविस्तर चर्चा केली आहे.

जैन आचार्यांनाही हा विषय अपरिचित नव्हता. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात मुळात आठ रस मानले जातात. अनुयोगद्वार सूत्रात मात्र काव्याचे नऊ रस सांगितले असून त्यांत प्रशांत रसाला स्थान आहे. निर्दोष आणि एकाग्र मनातून तो उत्पन्न होतो व अविकार हे त्याचे लक्षण, अशी ती मांडणी आहे. पुढे बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी ‘नाट्यदर्पण’ लिहिले. सर्वच रस आनंदमय असतात, हे मत त्यांनी स्वीकारले नाही. काही रस सुखात्मक असतात, तर करुणासारखे काही दुःखात्मकच असतात. तरीही कवीच्या आणि नटाच्या कौशल्यामुळे प्रेक्षक त्यांकडे ओढला जातो, असे त्यांनी म्हटले. कला जीवनातील दुःख पुसत नाही, ते शांतपणे पाहण्याचे बळ देते, असा बोध त्यांच्या विचारातून घेता येतो.

हा विचार पाषाणात पाहावयाचा असेल तर विंध्यगिरीवरील बाहुबलींसमोर उभे राहावे. सुमारे ५७ फूट उंचीची ही मूर्ती गंग राजांचे मंत्री चामुंडराय यांनी इ. स. ९८१ च्या सुमारास करविली. पायांशी वारुळे आहेत, त्यांतून सर्प डोकावतात, मांड्यांवरून आणि बाहूंवरून वेली चढल्या आहेत. निश्चलता दाखवावयाची कशी, हे शिल्पकारापुढील कठीण कोडे होते. ते त्याने वाढणाऱ्या वेलींच्या साहाय्याने सोडविले. वेल वाढण्याइतका काळ देह हललेला नाही, हे पाहणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. वस्त्र नाही, अलंकार नाही, शस्त्र नाही. आणि तरीही दृष्टी हटत नाही. मागण्यासाठी आलेला यात्रेकरूही तेथे क्षणभर मागणे विसरतो. तो क्षण म्हणजे वैराग्याची ओझरती चव होय.

याच मूर्तीच्या पायथ्याशी मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक मानला जाणारा लेख आहे. चामुंडरायांनी ही मूर्ती करविली, असे तो सांगतो. करविणाऱ्याचे नाव त्यात आहे, घडविणाऱ्याचे नाही. ज्या हातांनी तो कठीण दगड इतका सौम्य केला, ते हात नावाशिवाय राहिले आणि त्यांचे काम सहस्र वर्षे टिकले.

देलवाड्याचे उदाहरण दुसऱ्या अंगाने बोलके आहे. १०३१ सालची विमलवसही आणि १२३० सालची लूणवसही बाहेरून अगदी साध्या दिसतात. आत पाऊल टाकल्यावर संगमरवराचे छत कमळासारखे उमललेले दिसते. कोरून निघालेल्या भुकटीच्या वजनाइतके द्रव्य कारागिरांना दिले, अशी आख्यायिका सांगतात. परंतु पाहणारा थबकतो तो त्या द्रव्यामुळे नव्हे. सौंदर्याची किंमत खर्चावरून ठरविता येत नाही.

बंधू-भगिनींनो, येथेच आजच्या काळाचा प्रश्न उभा राहतो. गावोगावी जीर्णोद्धार होत आहेत. त्यामागील श्रद्धा निर्मळ आहे. मंदिर हे वस्तुसंग्रहालय नव्हे, तेथे नित्य पूजा होते, गळणारे छत दुरुस्त करावेच लागते, हे म्हणणे योग्यच आहे. पण त्याच ओघात कोरीव खांबांवर चकचकीत फरशी बसते, जुने लाकडी तीर काढून टाकले जातात, दगडावर तैलरंग चढतो. तैलरंगाच्या थराने दगडाची सूक्ष्म छिद्रे बुजतात, आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार साचतात आणि काही वर्षांत पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. जे कित्येक पिढ्यांनी सांभाळले, ते सद्भावनेच्या एका हातानेच नाहीसे होते. वेरूळच्या जैन लेण्यांच्या छतांवर जुन्या चित्रांचे अवशेष अजून दिसतात; त्यांवर कोणी नवा रंग फासला असता, तर आज काय उरले असते?

अनेकांत दृष्टी येथे वाट दाखविते. सोय, श्रद्धा आणि कला या तिन्ही बाजू सत्य आहेत. एकीसाठी दुसरीचा बळी देण्याचे कारण नाही. काम आरंभण्यापूर्वी जुन्या भागांची छायाचित्रे व मोजमापे घ्यावीत, जाणकाराचा सल्ला घ्यावा, निघालेला प्रत्येक कोरीव तुकडा जपावा. देणगीदारांच्या नामफलकाने शिल्प झाकले जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी. आणि पाठशाळेतील मुलांना सूत्रांबरोबर पाहणेही शिकवावे. काहीही न मागता, काहीही न बोलता, दहा मिनिटे मूर्तीसमोर बसण्याची सवय त्यांना लागली तर दर्शन या शब्दाचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आसक्ती वस्तूला मुठीत धरू पाहते. सौंदर्याच्या अनुभवात ती मूठ सैल होते. वीतरागाच्या मूर्तीने सुंदर का असावे, याचे उत्तर त्या सैल झालेल्या मुठीत आहे. ती मूर्ती पुढच्या पिढीला जशीच्या तशी पाहावयास मिळणे, हा तिचा वारसाहक्क आहे.

जय जिनेंद्र!