गंगाचरण मास्तरांचा दुष्काळ

श्रोतेहो, आज मी तुम्हांला एका चित्रपटाची ओळख करून देणार आहे. चित्रपट बंगालीतला आहे. पण त्यातला मुख्य माणूस खेड्यातला मास्तर आहे. म्हणून तुमच्यापैकी पुष्कळांना तो आपल्यातलाच वाटेल. नाव आहे 'अशनि संकेत'. अशनि म्हणजे वीज. वीज अजून लांब आहे, पण तिची चाहूल लागली आहे, असा त्याचा अर्थ. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी तो काढला आणि १९७३ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला पहिल्या मानाचे पारितोषिक मिळाले. गोष्ट मात्र त्याआधी तीस वर्षांची, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आहे.

गंगाचरण हा ब्राह्मण, बायको अनंग हिला घेऊन एका नव्या गावात राहायला आला आहे. त्याची भूमिका सौमित्र चटर्जी यांनी केली आहे. गावात दुसरे ब्राह्मणाचे घर नाही. त्यामुळे पूजा सांगायची ती त्याने, पोरांना शिकवायचे ते त्याने आणि औषधपाणी द्यायचे तेही त्यानेच. विद्या तशी बेताचीच. पण गावाला ती पुष्कळ वाटते. लोक आदराने शिधा आणून देतात. आपण नांगराला हात लावत नाही आणि तरी आपले ताट भरलेले असते, ही गोष्ट गंगाचरणाला अगदी स्वाभाविक वाटते.

मग आकाशातून लढाईची विमाने जाऊ लागतात. नदीवर गेलेल्या बायका वर बघून कौतुक करतात. सिंगापूर पडल्याची बातमी येते. पण सिंगापूर नेमके कुठे आहे हे गंगाचरणालाही धड ठाऊक नसते. पुढे तांदळाचा भाव चढतो, आणखी चढतो, आणि एके दिवशी तांदूळच दिसेनासा होतो. अनंग दुसऱ्याच्या घरी भात कांडायला जाऊ लागते. बायका रानात कंद उकरायला जातात. चुटकी नावाची शेजारीण तांदळासाठी अब्रू देते आणि अखेर शहराची वाट धरते.

हा चित्रपट रंगीत आहे. दुष्काळाच्या चित्रात इतकी हिरवळ कशाला, असा आक्षेप तेव्हा काहींनी घेतला होता. मला विचाराल तर खरी मेख तिथेच आहे. रान हिरवे आहे, आणि माणूस उपाशी मरतो आहे.

असे का झाले? १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा थांबला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रज सरकारने किनाऱ्याकडच्या हजारो होड्या काढून घेतल्या. ऑक्टोबरात मेदिनीपूरला मोठे वादळ झाले. लढाईसाठी पैसा पाण्यासारखा ओतला जात होता, आणि ज्यांना जमले त्यांनी साठे केले. कलकत्त्याच्या घाऊक बाजारात डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ पुढच्या मे महिन्यात ३० च्या वर आणि ऑगस्टात ३७ वर गेला. मजुराची मजुरी काही तशी वाढली नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात हिशेब मांडला तो असा, की १९४३ मध्ये बंगालात १९४१ पेक्षा धान्य कमी नव्हते. ते विकत घेण्याची ऐपत मजूर, कोळी, कारागीर यांच्याजवळ उरली नव्हती. सरकारी चौकशी आयोगाने १५ लाख माणसे मेली असे म्हटले. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा ३० लाखांच्या आसपास नेला.

आता आपल्याकडे पाहा. हा चित्रपट तयार होत होता त्याच सुमारास महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला होता. पाऊसच गेला, पीकही गेले. पण खडी फोडण्याची, पाझर तलावांची कामे निघाली, लाखो हातांना मजुरी मिळाली, आणि मिलोची का होईना, भाकरी पोटात गेली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. हाताला काम मिळाले तर दुष्काळातही माणूस जगवता येतो, हे आपण करून दाखवले.

माझे वडील त्या वर्षी मराठवाड्यात प्राथमिक शिक्षक होते. वर्गात एक मुलगा रोज पेंगायचा. एकदा त्यांनी त्याला छडी दिली. मग कळले की पोर आदल्या दिवशीपासून जेवलेले नव्हते. ती छडी वडील शेवटपर्यंत विसरले नाहीत.

गंगाचरणाचेही असेच होते. मोती नावाची अस्पृश्य बाई भुकेने त्याच्या घराजवळ येऊन पडते. समोर अन्न ठेवले तरी ते खाण्याची ताकद तिच्यात उरलेली नसते. ती मरते. ज्याने जन्मभर विटाळ मानला, तो गंगाचरण तिचा हात हातात घेऊन नाडी पाहतो आणि तिचे अंत्यविधी आपणच करायचे असे ठरवतो. इतके दिवस त्याने गावाला शिकवले. शिकला तो त्या क्षणी. आपले ताट कोणाच्या कष्टाने भरत होते, हे त्याला कळले.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, आता शाळेत खिचडी शिजते, ही चांगली गोष्ट आहे. तरी दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या पोराच्या नावापुढे आपण 'गैरहजर' लिहितो आणि पुढचे नाव घेतो. विजेची चाहूल गावात सर्वांआधी लागते ती हजेरीच्या वहीत. ती वही जरा सावकाश वाचावी, एवढेच मला सांगायचे होते.