लाल ठिपका

नंदुरबारच्या घरी सुट्टीत मी ‘हरिकेन’ या लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं मॉडेल जोडलं. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ४० फूट, माझे जेमतेम १७ सेंटिमीटर! करायचं होतं भारतीय हवाई दलाच्या सहाव्या स्क्वाड्रनचं, १९४४ साली अराकान आघाडीवर उडालेलं विमान. खोक्यावरच्या चित्राबरहुकूम पंखांवरच्या वर्तुळांत मधोमध लाल ठिपके दिले. तिथेच चुकलो.

जपानी विमानांवर लाल गोळा असे. गडबडीत आपल्याच तोफा आपल्याच वैमानिकांवर चालतील, म्हणून १९४३ मध्ये या आघाडीवरच्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरून लाल रंग पुसला गेला. विमान १९४२ चं असतं, तर तोच ठिपका बरोबर ठरला असता. मी ब्लेडने तो खरवडून काढला. एका पंखावर ओरखडा राहिलाय.