घरगुती ध्वनिमुद्रण आणि मायक्रोफोनची केबल

घरीं ध्वनिमुद्रण करणें ही आतां कोणा श्रीमंताची मिरास राहिलेली नाहीं. संगणक, त्याला जोडावयाची एक लहानशी पेटी आणि मायक्रोफोन एवढें साहित्य असलें कीं, आजोबांच्या गोष्टी, नातीचें गाणें, स्वतःचा रियाज, सारें कांहीं टिपून ठेवितां येतें. या खरेदींत मायक्रोफोनविषयीं मनुष्य महिनाभर चौकशी करितो; परंतु तो पेटीला ज्या केबलनें जोडावयाचा, ती मात्र दुकानदार देईल ती घेऊन येतो. मींही तसेंच केलें होतें. त्याची शिक्षा काय झाली तें प्रथम सांगतों.

माझ्या आत्याबाईंना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. त्यांचें वय त्या वेळीं अठ्ठ्याऐंशी. "तुझ्या त्या यंत्रापुढें काय गायचें रे?" असें म्हणत म्हणत एके दिवशीं त्या तयार झाल्या. माळ्यावरचें जातें खालीं काढलें, सूपभर जोंधळे घेतले, आणि सव्वा तास त्या गात होत्या. मी तृप्त मनानें ऐकत बसलों. कानाला हेडफोन लावण्याचें मला सुचलें नाहीं. रात्रीं मुद्रण ऐकूं लागलों, तों जात्याच्या दर फेऱ्याला ‘चर्र’ असा आवाज, मधूनच शब्द गडप, आणि सगळ्याच्या बुडाशीं एक अखंड घूंकार. दुसऱ्या दिवशीं केबलचें टोक उघडून पाहिलें. आंतील एक तार खुंटीला नुसती टेकून होती. जातें फिरलें कीं जमीन हादरे, जमिनीबरोबर मायक्रोफोन हादरे, आणि तार सुटे. आत्याबाईंना पुन्हां बसविण्याचा योग दिवाळींत आला. तेव्हां पंधरा-वीस ओव्या मिळाल्या; बाकीच्या त्यांना आठवल्या नाहींत.

तेव्हां केबल कशी पारखावी याचा मीं जो अभ्यास केला, तो आपणांपुढें ठेवितों.

साधा डायनॅमिक मायक्रोफोन घेतला, तर आपण बोलत असतां त्यांतून निघणारा विद्युद्दाब व्होल्टाच्या सुमारें हजाराव्या हिश्शाइतका असतो. त्याच खोलींत भिंतीमधून २३० व्होल्टांची वीज सेकंदाला ५० आंदोलनें करीत वाहत असते. तिची छाया तारेवर पडते, व तोच तो घूंकार. हें दुखणें टेलिफोनइतकें जुनें आहे. आरंभीं टेलिफोनला एकच तार असे व परतीचा मार्ग जमिनींतून असे. शहरांत विजेचे दिवे व ट्रामगाड्या आल्यावर त्या तारेवर इतकी खरखर येऊं लागली कीं बोलणें समजेना. दोन तारा एकमेकींभोंवतीं पिळून वापराव्या, या युक्तीचें पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं १८८१ मध्येंच घेतलेलें होतें. चांगल्या मायक्रोफोन केबलच्या पोटांत आजही तीच युक्ति आहे.

दोन तारांतून एकच ध्वनि उलटसुलट चिन्हांनीं जातो. एकींत धन, तर दुसरींत ऋण. बाहेरचा घूंकार मात्र दोघींवर सारखाच पडतो. पेटी दोहोंची वजाबाकी करिते. सारखें तें उडून जातें, विरुद्ध चिन्हांचें तें दुप्पट होतें. शाळेंत ऋण संख्येंतून ऋण संख्या वजा करावयास शिकवितांना मुलें विचारीत, "गुरुजी, याचा उपयोग काय?" तेव्हां हें उदाहरण मला ठाऊक नव्हतें याची हळहळ वाटते.

ही वजाबाकी होण्यास दोन्ही टोकांना तीन पिनांची, एक्सएलआर म्हणतात ती जोडणी हवी. पहिली पिन जाळीची, दुसरी व तिसरी दोन तारांच्या. बाजारांत एका टोकाला तीन पिना व दुसऱ्या टोकाला गिटारसारखी एकच जाड पिन अशा केबली स्वस्तांत मिळतात. त्या घेऊं नयेत. त्यांत वजाबाकीच होत नाहीं. शिवाय कंडेन्सर जातीच्या मायक्रोफोनला जी ४८ व्होल्टांची वीज पेटीकडून त्याच तारांवरून पोंचावी लागते, तीही पोंचत नाहीं.

तारांभोंवतीं जें आवरण असतें त्याचे प्रकार तीन. पातळ पत्र्याचें आवरण भिंतींतून कायमच्या नेलेल्या तारांस उत्तम; परंतु रोज गुंडाळल्यानें तें चिरतें. तारा नुसत्या वेढून केलेलें आवरण लवचिक खरें, पण वाकविलें कीं त्यांत फटी पडतात. विणलेली तांब्याची जाळी सर्वांत टिकाऊ, आणि घरासाठीं मी तीच निवडीन. ज्यांच्या खोलींत पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा इन्व्हर्टर आहे, त्यांनीं चार तारांची ‘स्टार-क्वाड’ केबल पाहावी; ती असला उपद्रव आणखी कमी करिते.

सोन्याचा मुलामा व ‘ऑक्सिजनविरहित तांबें’ यांचे गोडवे दुकानांत फार ऐकूं येतात. सोनें गंजत नाहीं एवढें खरें. पण तीन किंवा पांच मीटरच्या केबलींत त्यामुळें आवाज अधिक गोड होतो, हें मला पटलेलें नाहीं. तो पैसा टोकांवर खर्च करावा.

कारण केबल बहुधा टोकालाच मरते. टोक उघडतां येईल असेंच घ्यावें. ओतीव रबरांत बंद केलेलें टोक बिघडलें कीं केबल गेली. उघडून दोन गोष्टी पाहाव्या. डाख, ज्याला कारागीर सोल्डर म्हणतात, तो चकचकीत व तारेंत मुरलेला असावा. दुसरें, आंतील चिमटा केबलच्या बाहेरच्या कातडीला घट्ट धरून असावा, म्हणजे ओढ बसली तरी ती डाखावर येत नाहीं. माझ्या केबलींत हा चिमटा नांवालाच होता. मल्टिमीटर असल्यास एकला एक, दोनला दोन, तीनला तीन जुळतें कीं नाहीं, आणि एकीची दुसरीला गांठ तर पडत नाहीं ना, हें तपासावें. नसल्यास मायक्रोफोन जोडून, कानाला हेडफोन लावून, दोन्ही टोकें हातानें वांकवून पाहावीं. चर्र झालें कीं केबल परत करावी. दुकानदार रुसला तरी चालेल.

घरीं आल्यावर ती विजेच्या वायरीशेजारून समांतर नेऊं नये. ओलांडणें भाग पडलें तर काटकोनांत ओलांडावी. कोपरावर दोरीसारखी गुंडाळूं नये, आंतील तारांना पीळ बसतो. एक वेढा सरळ, दुसरा उलटा, असें गुंडाळलें कीं ती पुढच्या वेळीं न गुंतता उलगडते. महत्त्वाच्या मुद्रणाच्या दिवशीं दुसरी केबल जवळ असावी. आणि सदोष ठरलेली केबल दुरुस्त होईपर्यंत तिला मधोमध एक गांठ मारून ठेवावी, म्हणजे घाईंत कोणी तीच उचलणार नाहीं. माझ्या घरीं अशी एक गांठीची केबल खुंटीवर अजून लोंबत आहे.