आतड्यातील खडा आणि त्याची परीक्षा
(न्यासाच्या महोत्सवातील भाषणाचा गोषवारा)



मूतखडा आपल्याला घरोघरी ठाऊक आहे. आतड्यातही खडा होतो, हे मात्र पुष्कळांना नवल वाटते. तो विरळाच, पण अडकला की पोट फुगते, वांत्या होतात, शौच आणि वारा बंद पडतो. शस्त्रक्रियेस उशीर झाला तर जीवावर बेतते.

आपल्या गोमंतकात तर पोटातल्या खड्यांची महती जुनी. जनावरांच्या पोटात सापडणारा जहरमोहरा विषावरचा उतारा म्हणून मोठ्या मोलाने विकला जाई. गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची चर्चा केली आहे. सतराव्या शतकात तर जेजुइटांनी येथे कस्तुरी, अंबर वगैरे घालून कृत्रिम खडेच वळले, आणि ते गोव्याच्या नावाने युरोपात गेले!

माणसाच्या पोटातल्या खड्याचे मोल वेगळे. तो कशाचा झाला, यावरून तो कोठून आला हे कळते. मुख्यत्वे कोलेस्टेरॉलचा निघाला, तर तो बहुधा पित्ताशयातला. सुजलेले पित्ताशय आतड्याला चिकटून भोक पडले आणि त्या वाटेने तो उतरला. असा खडा लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद भागात अडकतो. पित्ताम्लांचा असेल, तर तो बहुधा लहान आतड्याच्या वरच्या भागात, एखाद्या पिशवीसारख्या फुगवट्यात साचून झाला. चुन्याच्या क्षारांचा बहुधा खालच्या भागातला. वनस्पतींच्या तंतूंचा असेल, तर खाण्याची चौकशी करावी. आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले पर्सिमन हे फळ त्यासाठी प्रसिद्धच आहे. त्यातला तुरट अंश जठरातील आम्लाने घट्ट होतो.

खडा आतड्यातच झाला असेल, तर तेथे अन्नरस तुंबत असला पाहिजे. आपल्याकडे क्षयाने आतडे आकसते, हे विसरून चालणार नाही. नुसता खडा काढला आणि आकसलेला भाग तसाच ठेवला, तर दुसरा खडा तयार होण्यास मोकळीक मिळते.

रंगावरून निदान करू नये. खडा धुऊन, वाळवून मधोमध चिरतात. गाभ्यातली आणि सालीतली चिमूटभर पूड निरनिराळी घेऊन तिच्यावर अवरक्त किरण सोडतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या ठरावीक लहरी शोषतो. त्यावरून तो ओळखता येतो. गाभा आणि साल यांत फरक दिसला, तर खडा कशाभोवती वाढला तेही उमगते.

पुष्कळ नातेवाईक खडा बाटलीत घालून घरी नेतात आणि आल्यागेल्याला दाखवतात. हौस आहे, असू द्या. पण आधी तो मधोमध चिरून घ्या, अर्धा प्रयोगशाळेत द्या, आणि तिचा कागद रुग्णाच्या फायलीत लावून घ्या.