पुरापासून सोडविलेली जमीन : पुढे काय?



नदीचे पाणी वारंवार घरात शिरू लागले, म्हणजे तटबंदी करावी की वस्ती हलवावी, हा प्रश्न उभा राहतो. वस्ती हलली की तो सुटला, असे मानले जाते. वस्तुतः अधिक काळ टिकणारा प्रश्न त्यानंतरच सुरू होतो : घरे गेल्यावर उरलेल्या जमिनीचे काय करावयाचे?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात किकापू नदीच्या काठी सोल्जर्स ग्रोव्ह हे सुमारे सहाशे वस्तीचे गाव आहे. तेथे तटबंदीचा खर्च, जिचे रक्षण व्हावयाचे त्या मालमत्तेच्या किमतीहून अधिक ठरत होता. म्हणून गावाने बाजारपेठच उंचावर नेण्याचा आग्रह धरला. १९७८ च्या पुरानंतर त्यास सरकारी साहाय्य लाभले आणि जुन्या पेठेच्या जागी नदीकाठचे उद्यान झाले. ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात १९८४ च्या मे महिन्यातील पुराने १४ बळी घेतले. त्यानंतर शहराने धोक्याच्या पट्ट्यातील शेकडो घरे विकत घेतली. पावसाचे पाणी तात्पुरते धरून ठेवणारे खोलगट तलावही तेथे करण्यात आले. त्यांपैकी काहींत कोरड्या दिवसांत मुले खेळतात.

१९९३ च्या मिसिसिपी महापुरानंतर तेथील केंद्रीय कायद्याने अशा खरेदीस निश्चित रूप दिले. मालकाने स्वेच्छेने विकावे, खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत भार केंद्राने उचलावा, खरेदीनंतर ९० दिवसांत घर पाडावे आणि ती जमीन कायमची मोकळी राहावी, असा हा नियम आहे. उद्यान, शेती, गुरचरण यांस तेथे मुभा आहे. नवे घर मात्र बांधता येत नाही.

नियम स्पष्ट असला तरी व्यवहार कठीण असतो. एक घर विकले जाते, शेजारचे राहते. मोकळ्या जागेत तण माजते आणि कराचे उत्पन्न घटते. तथापि उरलेल्या एका घरासाठी रस्ता, पाणी व दिवे यांचा खर्च चालूच राहतो. काही ठिकाणी अशा जागा बागेसाठी शेजाऱ्यांनाच भाड्याने दिल्या जातात. जेथे आधी आराखडा झाला नाही, तेथे जमीन सुरक्षित होते, पण ओसाड पडते.

हा धडा दूरदेशीचा असला तरी परका नाही. २००९ च्या महापुरानंतर उत्तर कर्नाटकात अनेक गावांसाठी उंचावर नवी घरे बांधण्यात आली. तरीही शेती, गुरे व देवस्थान यांच्या ओढीने कित्येक कुटुंबे जुन्या जागी राहिली. २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा या नद्यांनी बेळगाव जिल्ह्यात पुन्हा हाहाकार उडविला. जुन्या जागेचा निर्णय लांबला की वस्ती तिकडेच परतते, आणि पाणीही.

म्हणून पहिले घर पाडण्यापूर्वीच ग्रामसभेत तीन गोष्टी ठराव्यात : जमीन कोणाच्या नावे राहील, तिचा उपयोग काय होईल आणि तिची निगा कोण राखील. देऊळ, पार, विहीर यांपैकी काय जपावयाचे, हे तेथे नांदलेल्या माणसांनीच सांगावे. अधिकाऱ्यांनी पूररेषा जागेवर दाखवावी, शिक्षकांनी मागील पुरांच्या खुणा मुलांकडून नोंदवून घ्याव्यात. ज्यांनी घर सोडले, त्यांच्या त्यागाचे मोल एवढेच की त्या जागी पुन्हा कोणाचेही घर बुडू नये.