नावाची जागा



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून कित्येकांना नवल वाटले असेल. गोरेगाव हा धानाचा तालुका. उन्हाळ्यात तेंदूपानाची तोडणी, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि मळणी, हे आपले वर्षाचे वेळापत्रक. अशा ठिकाणी, अमेरिकेतल्या एका कंपनीच्या संगणकाच्या पुढच्या अंगावरून सफरचंदाचे चित्र गेले आणि त्यावरून लोकांत दोन तट पडले, या गोष्टीची चर्चा कशाला? माझे उत्तर असे की, प्रश्न संगणकावरून निघाला असला तरी तो संगणकापुरता नाही. वस्तू करणाऱ्याने आपले नाव तिच्यावर कोठे घालावे, केवढे घालावे आणि कोणी वाचावे म्हणून घालावे, हा प्रश्न सोन्याच्या पाटलीला आणि बिडीच्या कट्ट्यालाही लागू आहे. म्हणून प्रथम हकीकत सांगतो, मग लोकांची मते, आणि शेवटी आपल्या घरचा विचार.

हकीकत अशी. ॲपल कंपनीने 20 एप्रिल 2021 रोजी आपल्या ‘आयमॅक’ या मेजावरच्या संगणकाचे नवे रूप जाहीर केले. पडदा 24 इंची, रंग सात, आणि जाडी अवघी साडेअकरा मिलीमीटर. ही जाडी इतकी कमी की, कानाला लावायच्या यंत्राची चौदा मिलीमीटर लांबीची दांडी मागून आत शिरेना. म्हणून तिचे छिद्र कडेला न्यावे लागले. वीज घेणारा ठोकळाही आतून काढून बाहेर तारेवर टाकला. संगणकाचे सारे इंद्रियस्थान पडद्याखालच्या एका रुंद पट्टीत बसवले. या पट्टीला लोक गमतीने ‘हनुवटी’ म्हणतात. 2004 सालापासून या यंत्राला अशी हनुवटी आहे आणि तिच्या मधोमध सफरचंदाचे चिन्ह असे. 2021 साली हनुवटी राहिली आणि चिन्ह तेवढे गेले. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, पाठीवरचे सफरचंद होते तसेच राहिले. 2023 आणि 2024 साली याच यंत्राच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या, त्यांतही हनुवटी कोरीच आहे.

आता मते पाहू. एक पक्ष म्हणाला, हे यंत्र अपुरे वाटते. कुंकू पुसलेल्या कपाळासारखी ती पट्टी भकास दिसते. चिन्ह काढायचे होते तर पट्टीही काढायची होती. पट्टी ठेवायची होती तर तिच्यावर काहीतरी हवे. पडद्याभोवतीची पांढरी चौकट आणि फिके रंग हेही या पक्षाला रुचले नाहीत. दुसरा पक्ष म्हणाला, बरे झाले. ज्याने पदरचे पैसे मोजून यंत्र घेतले, त्याला ते कोणाचे आहे हे दिवसातून शंभर वेळा सांगण्याचे कारण काय? लिहिणाऱ्याची नजर लिखाणावर असावी, कारखानदाराच्या शिक्क्यावर नव्हे.

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकले म्हणजे वाद सौंदर्याचा आहे असे वाटते. रूपाच्या वादाचा निकाल बहुधा वापराने लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे नांगर बांधाबांधावर पोहोचला आणि शंका आपोआप मिटली. संगणकाच्या कोऱ्या हनुवटीचीही लोकांना सवय होईल. तेव्हा सुंदर की असुंदर हा मुद्दा मी येथेच सोडतो. माझ्या मते खरा मुद्दा निराळा आहे, आणि तो असा की, नाव कोणाकडे तोंड करून असावे?

मेजावरच्या संगणकाला दोन तोंडे असतात. काम करणाऱ्याला पडदा दिसतो आणि मेजापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला पाठ दिसते. नव्या आयमॅकचे रंगही याच हिशेबाने दिलेले आहेत. चांदीचा रंग सोडला तर इतर रंग पुढच्या बाजूस फिके आणि पाठीस गडद आहेत. म्हणजे चिन्ह नाहीसे झाले हे म्हणणेच अर्धवट आहे. मालकाशी बोलणे त्याने थांबवले, आणि परक्याशी बोलणे चालू ठेवले.

याच कंपनीच्या मांडीवरच्या संगणकांची जुनी गोष्ट या दृष्टीने बोधप्रद आहे. पूर्वी त्यांच्या झाकणावरचे सफरचंद झाकण मिटलेले असताना मालकाला सुलटे दिसे. पण झाकण उघडले की समोरच्या माणसाला ते उलटे दिसे. पुढे कंपनीने ते फिरवले. तेव्हापासून ते जगाला सुलटे दिसते, आणि यंत्र उघडू पाहणाऱ्या मालकाला उलटे. चित्र तेच राहिले. बदलला तो वाचणारा. नावाची जागा बदलली की नावाचा अर्थ बदलतो, याचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

आपल्याकडे ही जाण फार जुनी आहे. रायगडावर हिरोजी इंदुलकरांचे नाव दोन ठिकाणी आढळते. जगदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर संस्कृत शिलालेख आहे. त्यात गडावरील बांधकामांचा उल्लेख असून ती हिरोजींनी उभारली असे सांगितले आहे. आणि त्याच मंदिराच्या पायरीवर सेवेत तत्पर असलेल्या हिरोजींचे नाव मराठीत कोरलेले आहे. भिंतीवरचा लेख पुढच्या पिढ्यांनी वाचावा म्हणून आहे. पायरीवरचा लेख आत जाणाऱ्याच्या पायांखाली येतो, त्यात धन्याविषयीची निष्ठा आहे. माणूस एक, नाव एक. परंतु एक नाव इतिहासाकडे तोंड करून आहे आणि दुसरे मालकाकडे.

कीर्ती आणि निष्ठा यांखेरीज नावाचे तिसरे एक काम असते, आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे. ते म्हणजे जबाबदारी. योगायोग असा की, ज्या 2021 सालाच्या एप्रिलमध्ये एका धनाढ्य कंपनीने आपल्या यंत्राच्या पुढचे चिन्ह काढले, त्याच सालाच्या जूनमध्ये आपल्या सरकारने सोन्याच्या दागिन्यांवर खूण उमटविणे सक्तीचे केले. 16 जून 2021 पासून देशातल्या 256 जिल्ह्यांत हॉलमार्क बंधनकारक झाला, आणि 1 एप्रिल 2023 पासून अक्षरे व अंक मिळून होणारा सहा खुणांचा क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकण्यास मनाई झाली. हा क्रमांक दागिन्याच्या दर्शनी भागावर नसतो. तो पाटलीच्या आत, अंगठीच्या आत, भिंगाखेरीज वाचता येणार नाही इतका बारीक असतो. लग्नमांडवात तो कोणाला दिसत नाही. पण सोने हलके निघाले तर तो पत्ता सांगतो. जबाबदारीच्या नावाला मोठी अक्षरे लागत नाहीत. जरूर पडेल तेव्हा, जरूर पडेल त्याला ते सापडले पाहिजे, एवढीच त्याची अट.

याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. गोंदियाची बिडी प्रसिद्ध. कट्ट्याच्या वेष्टणावर कारखानदाराची छाप असते, आणि त्या छापेवरच माल खपतो. 1 एप्रिल 2016 पासून तंबाखूच्या वेष्टणाचा 85 टक्के दर्शनी भाग धोक्याच्या सूचनेला द्यावा लागतो. म्हणजे करणाऱ्याचे चिन्ह येथे कायद्याने आकुंचित केले, कारण ओढणाऱ्याच्या जिवाचा हक्क कारखानदाराच्या कीर्तीहून मोठा ठरला. हे योग्यच झाले.

परंतु त्या कट्ट्याशी आणखी एका व्यक्तीचा संबंध आहे. ती म्हणजे मांडीवर सूप घेऊन पान कापणारी, तंबाखू भरणारी, दोरा गुंडाळणारी बाई. तिचे नाव वेष्टणावर नाही, हे एक वेळ समजू शकते. हजारो हातांची नावे एका कागदावर मावणार नाहीत. पण तिचे नाव मुळीच कोठे नसते असेही नाही. ते हिशेबाच्या वहीत असते. बिडी वाकडी निघाली, पान फाटके निघाले, तर माल बाजूला टाकला जातो आणि तो कोणाचा हे वही अचूक सांगते. माल चांगला निघाला तर मात्र तो छापेचा. दोषाच्या वेळी नाव तिचे आणि गुणाच्या वेळी नाव दुसऱ्याचे, अशी ही वाटणी आहे. नावाच्या जागेचा प्रश्न मी महत्त्वाचा मानतो तो यासाठी. सफरचंद पुढे असावे की मागे, याने कोणाची भाकर कमी होत नाही. या बाईचे नाव मात्र कपातीच्या रकान्यातच तेवढे लिहायचे की कामाच्या, मजुरीच्या आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांवरही तितक्याच अचूकपणे लिहायचे, याने म्हातारपणाची भाकर ठरते.

आता पुन्हा मेजाकडे या. दाखल्यासाठी आपण सेतू केंद्रात किंवा तहसील कचेरीत जातो, तेव्हा आपल्या बाजूला काय असते? संगणकाची पाठ. आपला अर्ज कोठवर आला, कोणाकडे अडला, हे सारे ज्या पडद्यावर उमटते तो पडदा पलीकडच्या माणसाकडे तोंड करून असतो. या पाठीवर सुंदर रंग दिला आणि सफरचंद काढले तरी उभ्या असलेल्या माणसाची भूक त्याने भागणार नाही. त्याला तेथे दुसरे नाव वाचावयाचे आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली झाला, त्याने नेमके हेच सांगितले. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, ती देणारा अधिकारी कोण आणि न दिल्यास अपील कोणाकडे करावयाचे, हे सूचना फलकावर लावले पाहिजे. फलक कपाटामागे असेल किंवा त्यावर बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव असेल, तर ते नाव असून नसल्यासारखे. आपण तो फलक वाचावा, नसेल तर मागावा, जुना असेल तर बदलून घ्यावा. त्याला कोणाच्या शिफारशीची गरज नाही. तो आपला हक्क आहे.

एक आक्षेप येईल. मोठ्या कंपनीला पुढचे नाव काढणे परवडते, कारण तिचा आकारच ओळखू येतो. लहान कारागिराने नाव काढले तर त्याला कोण ओळखणार? आक्षेप खरा आहे. म्हणूनच नाव न घालणे हा विनय आहे असे मी सरसकट म्हणत नाही. ज्याला सारे ओळखतात त्याने नाव आवरते घ्यावे, आणि ज्याला कोणी ओळखत नाही त्याचे नाव इतरांनी मोठ्याने घ्यावे, यात मला न्याय दिसतो.

तात्पर्य तीन वाक्यांत सांगतो. कीर्तीचे नाव पाठीवर गेले तरी चालेल. निष्ठेचे नाव पायरीवर शोभते. जबाबदारीचे नाव मात्र ज्याला उत्तर द्यावयाचे आहे त्याच्याकडे तोंड करून असले पाहिजे, मग ते बारीक का असेना. संगणकाच्या कोऱ्या हनुवटीवरून निघालेला वाद आपल्याला एवढे विचारायला शिकवील, तर तो फुकट गेला असे म्हणता येणार नाही.