पडद्यावरचा अर्ज कोणत्या मापाने आखावा?

नीरा डाव्या कालव्याखालच्या बारामती-इंदापूरकडील शेतकऱ्याला पाणी-अर्ज काही नवा नाही. सातबाऱ्यामुळे हेक्टर-आरही ओळखीचे झाले आहेत. पण असा अर्ज मोबाईलच्या पडद्यावर आला, म्हणजे त्यातल्या चौकटी कोणत्या मापाने आखायच्या, हा प्रश्न उभा राहतो. तो संगणकवाल्यांचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. का, ते सांगतो.

आमच्या एका विद्यार्थ्याने सरावासाठी असा अर्ज तयार केला आणि सुट्टीत गावी आजोबांच्या हाती दिला. आबांची नजर अधू, म्हणून मोबाईलमधली अक्षरं मोठी करून घेतलेली. ऊस वीस गुंठे, म्हणून त्यांनी २० लिहिले. नातू म्हणाला, "आबा, हे तर वीस हेक्टर झालं! जवळजवळ पन्नास एकर!"

आबा म्हणाले, "आरं, हितं नुसतं 'क्षेत्र' लिवलंय. हेक्टर कुठंय, दाव मला."

आणि खरंच, ते दिसत नव्हतं. लिहिलं होतं 'क्षेत्र हेक्टरमध्ये'. पण चौकट ठराविक ठिपक्यांची. अक्षर वाढले, चौकट तेवढीच राहिली आणि पुढचा शब्द कापला गेला. गुंठा आणि आर जवळपास सारखेच. तेव्हा लिहायला हवे होते ०.२०. चूक आबांची नव्हती, मापाची होती.

पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. दोन मोबाईल सारखेच रुंद असले, तरी एकाच्या रुंदीत ७२० ठिपके असतात, दुसऱ्याच्या १०८०. तेव्हा ३६० ठिपक्यांची चौकट एकावर अर्धा पडदा व्यापते, दुसऱ्यावर तिसरा हिस्सा. असल्या मापावर भिस्त कशी ठेवावी?

त्यावर उपाय छापखान्यातून आला आहे. 'एम' नावाचे माप असते. मजकुराच्या अक्षराचा जो आकार, तो एक एम. चौकट एममध्ये आखली, की अक्षराबरोबर तीही वाढते. मग चौकटीची रुंदी पडद्याच्या हिश्शात धरावी आणि मजकूर मावला नाही, तर त्याला खालच्या ओळीत उतरू द्यावे.

आपल्या लिपीला तर याची गरज अधिक. 'गुंठे' हाच शब्द घ्या. वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार. इंग्रजी अक्षराच्या बेताने उंची धरली, तर एकतर डोके उडते नाहीतर पाय.

मात्र सगळेच एममध्ये मोजू नये. अक्षर लहान केले म्हणून माणसाचे बोट काही बारीक होत नाही! बटणाला बोटाएवढी जागा हवीच. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ती ४८ डीपी सांगितली आहे. १६० डीपी म्हणजे साधारण एक इंच. दूध लिटरने, कापड मीटरने, तसेच हे.

१९५८ पासून आपल्याकडे मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली. हात आणि वीत मागे पडली. ते योग्यच झाले, कारण दुकानदाराचा हात आणि गिऱ्हाइकाचा हात सारखा नसतो. पडद्यावर मात्र नेमके उलटे आहे. तिथे वाचणाऱ्याचीच वीत खरी.

शिक्षक मित्रांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मोबाईलची अक्षरं सर्वांत मोठी करावीत आणि एखादा अर्ज उघडावा. प्रत्येक प्रश्न पुरता वाचता येतो का? एकक दिसते का? बटण पडद्याबाहेर तर गेले नाही ना? मुले उत्तर चटकन देतील.

आमच्या विद्यार्थ्याने चौकटी पुन्हा आखल्या आणि हेक्टर व आर यांना दोन वेगळी घरे दिली. आबांनी हेक्टरच्या घरात शून्य लिहिले, आरच्या घरात वीस. नातवाला विचारावे लागले नाही.